घोड्यासाठी वाळके गवत निवडताना: गाईचा चारा तो घोड्याचा चारा नव्हे

मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्याला घोडेबाजार भरतो. तिथून घोडा घरी आणणाऱ्या बहुतेकांच्या दारात आधीपासून गाई-म्हशी असतात. कडब्याची कुट्टी, बांधावरचे संकरित नेपियर, लसूणघासाचे दोन वाफे, गव्हाच्या कोंड्याची पोती, सगळे घरात असतेच. मग घोडाही त्याच दावणीला लागतो. पहिले दोन-तीन महिने तो तुकतुकीत दिसतो आणि मालक निर्धास्त होतो. पुढे कधी चाल अवघडते, कधी पोटशूळ उठतो, कधी खूर गरम लागतात. डॉक्टर येतात, इंजेक्शने होतात, पण दावणीत काय पडते आहे याकडे कोणी बघत नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की घोड्याचे गवत घोड्याच्या पोटाकडे बघून निवडावे. गोठ्यात जे ‘चांगले’ ठरते ते पागेत चांगले ठरेलच असे नाही, आणि काही बाबतींत ते सरळ घातक असते.

पोटाची रचना आधी

घोडा रवंथ करत नाही. गाय गवत भराभर ओढून गिळते आणि मग निवांत बसून चघळते. तिच्या पोटाचा पहिलाच कप्पा शंभर लिटरहून मोठा असतो आणि त्यातले कोट्यवधी सूक्ष्मजीव गवत आधी कुजवून, फोडून देतात. पचनाचे पुढचे काम त्यानंतर सुरू होते. घोड्यात हा क्रम उलटा आहे. त्याचे जठर लहान, मोठ्या घोड्यातही ८ ते १५ लिटरचे. तिथून अन्न लहान आतड्यात जाते आणि गवत फोडणारे सूक्ष्मजीव भेटतात ते अगदी शेवटी, अंधांत्रात (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीत) आणि मोठ्या आतड्यात.

यातून तीन गोष्टी निघतात. पहिली, घोड्याच्या जठरात आम्ल दिवसरात्र पाझरत असते, पण त्याला सौम्य करणारी लाळ फक्त चावतानाच सुटते. म्हणून मोकळा घोडा दिवसाचे पंधरा-सोळा तास तोंड चालवत राहतो. सकाळ-संध्याकाळ दोन वेळा भरपूर चंदी (दाण्याचा खुराक) आणि मध्ये रिकामी दावण, अशी पद्धत ठेवली की जठराला व्रण पडतात. एक किलो वाळके गवत चावायला घोड्याला साधारण ४० मिनिटे लागतात, तेवढाच दाणा तो दहा मिनिटांत संपवतो. गवत पोट भरते आणि त्याचबरोबर घोड्याला चावायचे कामही पुरवते.

दुसरी, घोड्याला उलटी करता येत नाही. बुरशी लागलेले, विषारी किंवा फार जाड काड्यांचे काही पोटात गेले तर ते पुढेच सरकणार. मोठ्या आतड्याला जिथे जिथे वळणे आहेत आणि व्यास एकदम लहान होतो, तिथे जाड, कोरडा चारा अडकतो. पोटशूळाचे हे एक नेहमीचे कारण.

तिसरी गोष्ट सर्वांत कमी लोकांना माहीत असते आणि गवत निवडताना तीच सर्वांत महत्त्वाची आहे. ती म्हणजे ऑक्झलेट. पुष्कळ उष्ण प्रदेशीय गवतांत ऑक्झलेट नावाचे द्रव्य असते. ते कॅल्शियमला घट्ट धरून ठेवते. गाईच्या पहिल्याच कप्प्यातले सूक्ष्मजीव त्याचा बराचसा भाग फोडून टाकतात, त्यामुळे कॅल्शियम सुटते आणि पुढे अंगी लागते. घोड्यात कॅल्शियम शोषले जाते लहान आतड्यात, म्हणजे सूक्ष्मजीव भेटण्याच्या आधी. तोवर ऑक्झलेटने त्याला धरलेलेच असते आणि ते तसेच लिदेतून बाहेर जाते. प्रयोगशाळेच्या कागदावर गवतात कॅल्शियम पुरेसे दिसते, पण घोड्याला ते मिळत नाही. मग रक्तातली पातळी राखायला शरीर हाडांतून कॅल्शियम काढते.

हे चालू राहिले की काही महिन्यांत घोडा आखडून चालू लागतो. आज या पायाने लंगडतो, उद्या त्या. अंग उतरते. पुढे गालाची आणि जबड्याची हाडे फुगतात, चेहरा दोन्ही बाजूंनी जाड दिसतो, दात हलतात, श्वासाला आवाज येतो. चेहरा फुगेपर्यंत थांबू नये. नेपियरवर पोसलेला तरुण घोडा कारण नसताना आखडला तर आधी गवत बदलावे आणि पशुवैद्याला ऑक्झलेटबद्दल आवर्जून विचारावे.

नेपियर, गिनी, पॅरा, सेटेरिया आणि अंजन गवत, ही घोड्यासाठी ऑक्झलेटच्या दृष्टीने धोक्याची मानली जाणारी गवते. वाळवल्याने ऑक्झलेट जात नाही. कोवळ्या, जोमदार, भरपूर पाणी-खत मिळालेल्या गवतात ते उलट जास्त असते. कोरड्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त ऑक्झलेट असेल, किंवा कॅल्शियमचे प्रमाण ऑक्झलेटच्या निम्म्याहूनही कमी असेल, तर ते गवत घोड्याचा मुख्य आहार म्हणून चालत नाही. नेपियरमध्ये ही मर्यादा सहज ओलांडली जाते. त्यात वर गव्हाचा कोंडा घातला तर दुहेरी मार बसतो, कारण कोंड्यात फॉस्फरस भरमसाट आणि कॅल्शियम नगण्य. नेपियर आणि कोंडा ही जोडी दुभत्या जनावरांच्या गोठ्यात रोजची, आणि घोड्याच्या हाडांची सर्वांत मोठी शत्रू.

नेपियर सोडून दुसरे काहीच हाताशी नसेल तर निदान त्याचा वाटा कमी ठेवावा, सोबत लसूणघास द्यावा आणि चुनखडीच्या भुकटीसारखे कॅल्शियम किती द्यायचे ते डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

किती लागते

घोड्याला रोज त्याच्या वजनाच्या दीड ते अडीच टक्के कोरडा आहार लागतो. त्यातला बहुतांश, निदान वजनाच्या दीड टक्का तरी, गवत-वैरणीचा असावा. त्यासाठी घोड्याचे वजन माहीत हवे. वजनकाटा नसला तरी शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजावा. मग खांद्याच्या पुढच्या हाडापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी मोजावी. घेराला घेराने गुणावे, आलेल्याला लांबीने गुणावे आणि ११,८८० ने भागावे. घेर १६० आणि लांबी १४५ असेल तर वजन सुमारे ३१२ किलो निघते. आपल्याकडच्या काठियावाडी किंवा मारवाडी घोड्याला हा आकडा अगदी शोभेसा आहे.

अशा ३०० किलोच्या घोड्याला दोन टक्क्यांच्या हिशेबाने सहा किलो कोरडा आहार लागतो. वाळक्या गवतातही दहा-बारा टक्के ओल असतेच, म्हणून प्रत्यक्षात पावणेसात-सात किलो गवत घालावे लागते. हिरव्या नेपियरमध्ये ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणी असते. तेवढाच कोरडा आहार त्यातून भागवायचा तर तीस किलोंचा भारा रोज कापावा लागेल. भारा मोठा दिसतो म्हणून घोड्याचे पोट भरले असे समजण्यात फसगत होते ती इथे.

गवत पेंढ्यांवर मोजू नये. एक पेंढी दीड किलोची तर दुसरी पाऊण किलोची. पागेत एक ताणकाटा टांगून ठेवावा आणि आठवड्यातून एकदा तरी रोजचे गवत त्यावर लावून बघावे.

आपल्याकडची गवते

इंटरनेटवर शोधले की टिमोथी आणि ऑर्चर्ड या गवतांची नावे समोर येतात. ती थंड हवेची गवते. परदेशातून येणारे टिमोथी शर्यतीच्या घोड्यांच्या मालकाला कदाचित परवडेल, पण माथेरानच्या घोडेवाल्याला किंवा बैलगाड्यापुढे पळणारी घोडी सांभाळणाऱ्या शेतकऱ्याला त्याचा काय उपयोग? दख्खनच्या पठारावरची आणि कोकणातली गवते वेगळ्या प्रकारची आहेत. ती उन्हात भराभर वाढतात, लवकर निबर होतात. त्यांना त्यांच्याच हिशेबाने पारखायला हवे.

मारवेल हे माझ्या मते आपल्याकडचे घोड्यासाठी पहिल्या पसंतीचे देशी गवत. काडी बारीक, पाला भरपूर, जनावर आवडीने खाते. ओळखायची खूण सोपी आहे: काडीच्या पेरावर पांढऱ्या लवेचे कडे असते आणि टोकाला बोटांसारखे, जांभळट झाक असलेले तुरे येतात. वाळल्यावरही पेरावरची लव दिसते, त्यामुळे गाठीतून एक काडी ओढून खात्री करता येते. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने मारवेलचे सुधारित वाण दिले आहेत आणि एकदा लावलेले ठोंब अनेक वर्षे कापण्या देतात. ज्यांच्याकडे दहा-पंधरा गुंठे मोकळे आहेत त्यांनी घोड्यासाठी नेपियरऐवजी मारवेल लावावे, असे मी आग्रहाने सांगेन.

पवना हे माळरानाचे गवत. हलक्या, मुरमाड जमिनीत येते, काडी सडपातळ असते. वेळेवर कापले तर उत्तम वाळके गवत होते. डोंगरी गवतही याच पंक्तीतले, जरा जाड. हरळी बारीक, गोड आणि घोड्याला फार प्रिय. तिच्यात ऑक्झलेटही कमी. पण हरळी कापून साठवण्याइतकी उंच क्वचितच होते, ती मोकळ्यावर चारायची. घोड्याला रोज दोन तास हरळीच्या बांधावर सोडता येत असेल तर त्याच्यासारखे सुख नाही.

ऱ्होड्स गवत मूळचे आफ्रिकेतले, पण आपल्या हवेत पाण्यावर छान येते. काडी मऊ, पाला लांब, वाळते लवकर आणि ऑक्झलेट कमी. घोड्यासाठी मुद्दाम गवत लावायचे आणि पाण्याची सोय असेल तर मारवेलसोबत याचा विचार करावा.

आता कुसळी. सह्याद्रीच्या उतारांवर आणि माळांवर अमाप येणारे हे गवत. बी धरण्याआधी कापले तर चांगले. पण बी धरले की त्याला काळपट, पिळदार, टोकदार कुसळे येतात आणि ती हिरड्यांत, जिभेखाली, गालाच्या आतल्या बाजूला रुततात. घोडा गवत तोंडात घेऊन टाकून देतो, लाळ गाळतो, लगाम घालू देत नाही. मालकाला वाटते घोडा अडेल झाला. तोंड उघडून जिभेखाली बघितले तर काट्यासारखी कुसळे आणि भोवती पू दिसतो. गाठीत कुसळांचे काळे पुंजके दिसले तर ती गाठ घोड्यासाठी घेऊ नये, भाव कितीही पडलेला असो.

रोशा गवताला तेलाचा उग्र वास येतो. घोडा ते बहुधा सोडून देतो, पण मिश्र गाठीत ते जास्त निघाले तर आपण पैसे देऊन कचरा घेतला असे समजावे.

गवताखेरीज जे घातले जाते त्याबद्दल थोडे. भाताच्या पेंढ्यात पोषण फारच कमी आणि सिलिका जास्त. अंथरायला ठीक, पोट भरायला नाही. गव्हाचा भुसा बारीक असतो, घोडा तो न चावता गिळतो, म्हणून एकट्या भुशावर ठेवू नये. ज्वारीचा चांगला वाळलेला, पानेदार कडबा थोड्या प्रमाणात चालतो, पण बुडख्याकडची जाड ताटे काढून टाकावीत. हिरवी ज्वारी मात्र घोड्याला नको. कोवळ्या, पाण्याचा ताण बसलेल्या किंवा कापल्यावर पुन्हा फुटलेल्या ज्वारीत प्रुसिक आम्ल हे विष तयार होते, आणि हिरव्या ज्वारीवर रोज चरणाऱ्या घोड्यांत मूत्राशयाचा ताबा सुटून मागचे पाय लटपटण्याचा आजार होतो.

मुरघासही घोड्यापासून दूर ठेवावा. त्यात वाढणारे काही जंतू असे विष तयार करतात की घोडा लुळा पडतो, आणि गाईपेक्षा घोडा त्याला फार लवकर बळी पडतो. युरिया लावलेली वैरण, तसेच मोनेन्सिन हे औषध घातलेले कोंबडीखाद्य किंवा पशुखाद्य, यांचे तर नावही काढू नये. मोनेन्सिन घोड्याच्या हृदयाचे स्नायू निकामी करते.

नावापेक्षा कापणीची वेळ मोठी

मारवेल असो की पवना, गवत कधी कापले यावर त्याची किंमत ठरते. पोटरीत आलेले गवत निसवायला लागते तेव्हापासून फुलोरा येईपर्यंतचा काळ कापणीला उत्तम. तेव्हा पाला आणि काडी यांचा मेळ बरोबर असतो, प्रथिने सात-आठ टक्के तरी मिळतात आणि काम न करणाऱ्या प्रौढ घोड्याचे तेवढ्यावर भागू शकते. बी पिकून झडले की हाच आकडा तीन-चार टक्क्यांवर येतो आणि काडीत लाकूडपणा वाढतो. तशा गवतावर घोड्याचे पोट लोंबते, पाठीचा कणा मात्र वर दिसतो. मालक म्हणतो, ‘खातो तर पोटभर.’ खातो खरा, पण त्यातून मिळत काही नाही.

आपल्याकडची अडचण खरी आहे. गवत सप्टेंबरअखेरीस तयार होते आणि परतीचा पाऊस ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पिच्छा सोडत नाही. कोकणात तर त्याच वेळी भातकापणी असते, मजूर मिळत नाहीत. त्यामुळे माळावरचे गवत दिवाळी उलटल्यावर कापले जाते, आणि तोवर ते पिवळे, बी झडलेले, कडक झालेले असते. बाजारात येणाऱ्या गाठींतला मोठा भाग असाच. म्हणून व्यापाऱ्याला ‘कुठले गवत?’ हे विचारण्याआधी ‘कधी कापले?’ असे विचारावे. शक्य असेल त्यांनी नवरात्राच्या सुमारास, हवामानाचा अंदाज बघून, चार कोरडे दिवस साधून आपल्यापुरते गवत कापून घ्यावे. जरा जास्त मजुरी पडली तरी चंदीत ते पैसे परत मिळतात, कारण चांगले गवत खाणाऱ्या घोड्याला दाणा कमी लागतो.

कापलेले गवत सकाळचे दव उडाल्यावर पसरावे, दिवसातून दोनदा उलटावे, दोन-तीन उन्हांत वाळवावे आणि पाला चुरा होण्याआधी बांधावे. गाठ बांधताना ओल १५ टक्क्यांच्या आत हवी. मूठभर काड्या दोन्ही हातांत धरून पिळाव्यात: पिळ पडूनही तुटल्या नाहीत तर ओल आहे, पाच-सहा पिळांत तुटू लागल्या तर गवत तयार आहे, पहिल्याच पिळात भुगा झाला तर फार वाळले, पाला गळून गेला.

गाठ उघडून बघताना

गवत गाठीवरून घेऊ नये, गाठ फोडून घ्यावे. ट्रकमधली वरची गाठ नव्हे, मधली किंवा खालची मागून घ्यावी. व्यापारी कुरकुर करतो, करू द्यावी. एका गाठीचे पैसे वेगळे देऊनही हे करणे परवडते.

तार किंवा सुतळी कापली की आधी हात थेट गाठीच्या पोटात घालावा. मध्ये कोमट लागले तर ते ओले बांधले आहे आणि आत बुरशी धरते आहे. मग मधला थर सोडवून नाकाशी न्यावा. चांगल्या गवताला गोडसर, उन्हाचा वास येतो. कोंदट, तळघरासारखा वास आला तर पुढे काही बघायची गरज नाही. तंबाखूसारखा किंवा जळक्या गुळासारखा वास आला तर गाठ आत तापून गेली आहे. अशा गवतातली प्रथिने करपलेली असतात, जरी काही घोडे ते चवीने खातात.

नंतर तोच थर उन्हाच्या तिरिपेत धरून झटकावा. मातीची धूळ जड असते, पटकन खाली बसते. बुरशीची धूळ हलकी, करडी, हवेत तरंगत राहते आणि घशाला खवखवते. घोडा दिवसाचे कित्येक तास नाक गवतात खुपसून असतो. या धुळीने त्याला जुनाट दमा लागतो: खोकला, फुगलेल्या नाकपुड्या, श्वास सोडताना बरगड्यांखाली उठणारी रेघ. एकदा लागलेला हा दमा पुरता जात नाही.

रंगाने फसू नये. वरचा थर उन्हाने पांढुरका झालेला असला आणि आत हिरवट असले तर गवत ठीक आहे. उन्हाने जीवनसत्त्व ‘अ’चा मूळ घटक कमी होतो, बाकीचे फारसे नाही. पिवळे पण कोरडे, पालेदार, स्वच्छ वासाचे गवत हिरव्यागार पण कुबट गवताहून कधीही बरे. तपकिरी, काळे ठिपके म्हणजे पावसात भिजलेले. मग काड्या मोजाव्यात असे नाही, पण मूठ घेऊन बघावे की पाला किती आणि काडी किती. काडी दातांखाली धरून चावून बघणारे जुने मोतद्दार (घोड्याची निगा राखणारे) मला फार शहाणे वाटतात; आपल्या दातांना जी काडी फोडता येत नाही ती घोडा फोडेल, पण त्यातून त्याला फारसे मिळणार नाही.

शेवटी गाठ पूर्ण पसरून इतर झाडे शोधावीत. गाजरगवत आणि घाणेरी वेचून काढण्यापेक्षा ती गाठच परत करावी. खुळखुळ्याच्या वाळक्या शेंगा दिसल्या तर सावध व्हावे, त्याच्या कित्येक जाती घोड्याचे यकृत निकामी करतात आणि परिणाम आठवड्यांनी दिसतो. रस्त्याकडेचे किंवा बंगल्याच्या कुंपणालगतचे गवत असेल तर कण्हेरीची पाने आहेत का ते बघावे. कण्हेर वाळली तरी तिचे विष जात नाही आणि मूठभर पानेही घोड्याचा जीव घ्यायला पुरतात. प्लास्टिक, तारेचे तुकडे, मेलेला उंदीर किंवा साप गाठीत निघतो तेव्हा ती गाठ दुसऱ्या जनावरालाही घालू नये.

मोठी खरेदी करायची असेल, वीस-पंचवीस घोड्यांची पागा असेल, तर वेगवेगळ्या गाठींतून मूठमूठ गवत काढून, एकत्र करून कृषी किंवा पशुवैद्यकीय विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. अहवालात चार आकडे बघावेत: ओल, कच्ची प्रथिने, एनडीएफ आणि कॅल्शियम-फॉस्फरस. एनडीएफ म्हणजे काडीतल्या धाग्याचा हिशेब. तो ६५ टक्क्यांच्या वर गेला की घोडा ते गवत कमी खातो आणि त्यातून कमी मिळवतो. आपल्या निबर गवतांत तो सत्तरी ओलांडतो. एकूण आहारात कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा कमी पडता कामा नये. दीडपट-दुप्पट असेल तर उत्तम. नेपियर किंवा अंजनसारखे गवत असेल तर ऑक्झलेटची तपासणी वेगळी मागावी लागते.

कोणत्या घोड्याला काय

एकच गवत सगळ्यांना योग्य नसते. भीमथडी घोडा घ्या. भीमेच्या खोऱ्यातले धनगर आपल्या कळपांबरोबर याला वर्षानुवर्षे फिरवत आले, आणि त्याने माळावरच्या गवतावर ओझी वाहिली. आता त्याची अधिकृत जात म्हणून नोंद झाली आहे आणि शहरातले हौशी लोकही तो घेऊ लागले आहेत. असा काटक घोडा ठाणावर बांधून त्याला लसूणघास आणि हरभऱ्याची चंदी सुरू केली की तो झपाट्याने सुटतो, मानेवर चरबीची जाड पट्टी येते आणि मग खुरांच्या आतल्या थराला सूज येते. घोडा पुढचे पाय पुढे ताणून, भार मागे टाकून उभा राहतो, हलायला तयार होत नाही. त्याला साधे, थोडे उशिरा कापलेले पण स्वच्छ गवतच हवे. लग्नाचा हंगाम संपल्यावर महिनोन्महिने रिकाम्या उभ्या राहणाऱ्या वरातीच्या घोड्यांचेही हेच. काम थांबले की दाणा थांबवावा, गवत थांबवू नये.

याउलट शर्यतीचा थरोब्रेड, गाभणी घोडी शेवटच्या तीन महिन्यांत, पिलाला पाजणारी घोडी आणि वाढते शिंगरू यांना पालेदार, वेळेवर कापलेले गवत आणि जोडीला लसूणघास लागतो. लसूणघासात प्रथिने पंधरा-वीस टक्के आणि कॅल्शियम मुबलक; जठरातले आम्लही तो सौम्य करतो. पण तो आहाराच्या चौथ्या हिश्शापर्यंत ठेवावा आणि हिरवा असेल तर कापून काही तास सुकवून द्यावा. नुसत्या लसूणघासावर ठेवलेला घोडा पाणी जास्त पितो, मूत्राला अमोनियाचा उग्र वास येतो आणि बंद तबेल्यात तो वास त्याच्याच फुप्फुसांना त्रास देतो.

म्हाताऱ्या घोड्याचे दात बघावेत. तो गवताचे अर्धवट चावलेले ओले बोळे दावणीत टाकत असेल तर त्याला जाड काडी झेपत नाही. मऊ मारवेल किंवा ऱ्होड्स, पाण्यात भिजवून, थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा. दम्याच्या घोड्यालाही गवत अर्धा तास भिजवून द्यावे म्हणजे धूळ बसते. भिजवलेले पाणी ओतून टाकावे आणि उरलेले ओले गवत दुसऱ्या दिवशी वापरू नये.

सगळ्यांनाच मिठाचा खडा आणि स्वच्छ पाणी. वाळके गवत खाणारा घोडा उन्हाळ्यात तीस-चाळीस लिटर पाणी सहज पितो. पाणी कमी पडले की उत्तम गवतानेही आतडे अडते.

साठवण आणि पावसाळा

शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळ छावणीला असलेल्या घोडदळाच्या अधिकाऱ्यांना लिहिलेले पत्र मराठी वाचकाला ठाऊक असते ते रयतेला त्रास न देण्याच्या ताकिदीसाठी. पण त्यातला वैरणीचा भाग घोडे पाळणाऱ्या प्रत्येकाने वाचावा. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि गवत आत्ताच मन मानेल तसे उधळले तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, असे ते बजावतात. गवताजवळ आगट्या, चिलमी नकोत आणि रात्री दिवा जळत ठेवू नये, उंदराने वात पळवली तर सगळे जळून जाईल, इतक्या बारकाईने लिहिले आहे. साडेतीनशे वर्षांत गवत साठवण्याचे धोके बदललेले नाहीत.

हिशेब नोव्हेंबरातच करावा. ३०० किलोच्या घोड्याला रोज सात किलो, म्हणजे वर्षाला अडीच टन. नासधूस धरून दहा-पंधरा टक्के वर. चरायला कुरण असेल तर पावसाळ्याचे काही महिने यातून वजा होतात. माथेरानसारख्या ठिकाणी, जिथे पाऊस धो धो पडतो आणि वर मोटारी जात नाहीत, तिथे हा हिशेब फार आधी करावा लागतो. गवत दिवाळीनंतर स्वस्त असते आणि एप्रिल-मेमध्ये भाव चढतो, शिवाय तेव्हा निवडीला वाव राहत नाही.

गाठी थेट जमिनीवर किंवा भिंतीला चिकटवून रचू नयेत. खाली लाकडी फळ्या किंवा बांबूचा माच, भिंतीपासून वीतभर अंतर, गाठींच्या रांगांत वारा खेळायला फट. ताडपत्री गवतावर घट्ट आवळली की आतून घाम धरते आणि वरचा थर कुजतो. ती वाशांवर टाकून खाली मोकळी हवा ठेवावी. नव्या गाठी पहिले काही आठवडे तपासत राहाव्यात. एक लोखंडी गज गंजीच्या पोटात खुपसून दहा-पंधरा मिनिटांनी काढावा. हाताला नुसता कोमट लागला तर लक्ष ठेवावे; धरवत नसेल इतका तापला तर गंजी आतून पेट घेण्याच्या वाटेवर आहे आणि अग्निशमन दलाला बोलावून मगच ती मोकळी करावी, कारण एकदम हवा लागली की भडका उडतो.

जुने गवत संपत आले आणि नवीन सुरू करायचे असेल तर एका दिवसात बदल करू नये. अंधांत्रातल्या सूक्ष्मजीवांना नव्या गवताची सवय व्हायला वेळ लागतो. पहिले तीन दिवस पाव भाग नवे, मग अर्धे, मग पाऊण, असे दहा-बारा दिवसांत पूर्ण बदलावे. या काळात रोज लीद बघावी: गोळे बांधलेले, ओलसर, पडल्यावर फुटणारे असतील तर गवत मानवले. लहान, कडक, चकचकीत गोळे म्हणजे पाणी कमी किंवा काडी जाड. पातळ शेणासारखी लीद म्हणजे बदल घाईने झाला, दोन पावले मागे यावे. जूनमध्ये पहिल्या पावसाने कुरण हिरवे झाले तरी हाच नियम लागू: पहिल्या दिवशी अर्धा तास चरायला सोडावे, तेही सकाळचे वाळके गवत पोटात गेल्यावर, आणि वेळ हळूहळू वाढवत न्यावी.